पलंगापासून खिडकीपर्यंत

पक्षाघाताने वडिलांचा डावा पाय लुळा पडला, तेव्हा तो पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीला लागला होता. रोज सकाळी त्यांना धरून पलंगापासून खिडकीपर्यंत चालवा, असं फिजिओथेरपिस्ट ताईंनी बजावलं होतं. पण त्याची सकाळ रस्त्यावर जायची आणि बायकोची ड्यूटी पहाटेच सुरू व्हायची.

"बेचाळीस किलोमीटर पळता, खोलीभर चालणं जमत नाही?" बायको टोचायची.

"एवढी शर्यत होऊ दे गं, मग मी बाबांचाच."

"पळ रे तू, मी कुठे जातोय!" वडील हसायचे. सरावाचे सहा-सात महिने असेच गेले.

शर्यत पूर्ण झाली. पदक त्याने वडिलांच्याच गळ्यात घातलं आणि ताईंना बोलावून घेतलं.

"आता फक्त हाफ मॅरेथॉन करायची ठरवलीय, ताई. सराव निम्माच, म्हणजे रोज सकाळी बाबांना चालवता येईल. उद्यापासूनच सुरू करतो!"

ताईंनी वडिलांचा गुडघा वाकवून पाहिला आणि पाय अलगद गादीवर ठेवला.



"सवडीने करा आता. पायात जी ताकद परत यायची असते, ती पहिल्या काही महिन्यांतच येते."