शिडी लावून सोंगलेली तूर

“कंडक्टरभाऊ, हे कोणीच खरं मानणार नाही!” एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून पुंजाजींनी सुरुवात केली. शेजारची धम्मशीला विसरलेलं हॉलतिकीट आणायला घरी पळाली होती, आणि नर्सिंगच्या परीक्षेला वेळेत पोचवणारी मेहकरची गाडी हीच होती. “औंदा आमची तूर येवढी वाढली, का सोंगाले शिडी लावली. वर गेलो तं खाली घारी उडून राह्यल्या!” कंडक्टरनं गंभीरपणे विचारलं, “मंग उतरले कसे?” “उतरतो कायले? तीन दिवस शेंगा खाल्ल्या. बुढीनं पतंगाले बांधून भाकर धाडली!” “बुढ्याले खाली ढकला बे!” मागून कोणीतरी ओरडलं. पुंजाजींनी पायरीवरचा पाय आणखी घट्ट रोवला. तेवढ्यात धम्मशीला धापा टाकत आली आणि त्यांच्या बगलेखालून आत शिरली. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली. “आता पाय काढा, बाबाजी. तुमच्या वावरात तं हरबरा हाये, रोज गाडीतून पाह्यतो!”