पाणी कुणीकडे फिरलं

"हुस्ना, टबाला हात लावू नकोस हं. आज तिसरी खेप," टोपी घालता घालता अकबर सर म्हणाले.

"मी कशाला लावतेय! दुसरी कामं काय कमी आहेत मला?"

सर असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजला गेले.

कोथरूडच्या त्या घरात मागची अख्खी खोली एका गोल टबाने अडवली होती. पृथ्वीच्या फिरण्यामुळे बेसिनमधलं पाणी फिरतं, ही शुद्ध थाप, असं हे निवृत्त विज्ञानशिक्षक सांगत. पण मोठ्या टबात पाणी चोवीस तास निपचित ठेवून बूच खालून अलगद काढलं, तर आपल्याकडे, उत्तर गोलार्धात, ते घड्याळाच्या उलटच फिरणार. सलग तीनदा तसं फिरलं, की मेलबर्नची तिकिटं काढायची. तिथे नियाजच्या घरी टब भरायचा आणि पाणी घड्याळासारखं फिरतं का, ते लेकाबरोबर बघायचं.

नियाज तिथे अपघातात गेला, त्याला सात महिने झाले होते. तो फोन हुस्नबानूने घेतला होता. सरांच्या हार्ट अटॅकला तेव्हा पंधरवडाही उलटला नव्हता. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. "तुम्ही नमाजला गेलात नि नियाजचा फोन आला," असं सरांना सांगत राहिली. रडायचं ते न्हाणीघरात, नळ मोठा सोडून.

तेव्हापासून दर तिसऱ्या खेपेला सर नमाजला गेले, की ती टबात हात घालून पाणी घड्याळासारखं ढवळायची. "बसचे हादरे बसतात हो," असं वर सांगायची.

आज मात्र शेजारच्या विजयमालाबाई येऊन बसल्या. "चहा नको हं," म्हणत दोन कप झाले. हुस्नबानूने घड्याळ पाहिलं, जांभई दिली. पुण्यात एवढं पुरतं. आज पुरलं नाही. सर दारात आले तेव्हा कुठे बाई उठल्या.

हुस्नबानू मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "अहो, आज राहू द्या ना."

"वा! चोवीस तास झालेत."

सरांनी पाण्यावर काडी सोडली, वाकून बूच काढलं. बराच वेळ काडी हलेना. मग फिरू लागली, घड्याळाच्या उलट. आधी सावकाश, नंतर भराभर. विमान, परकं गाव, लेकाची कबर, सगळं हुस्नबानूच्या डोळ्यांपुढे आलं. तिने चौकट घट्ट धरली.

सरांचं बोट काडीबरोबर हवेत उलटं फिरत होतं. टब रिकामा झाला तरी ते थांबेना. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आजही घड्याळासारखंच फिरलं गं," तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "मेलबर्न राहिलं. चल, टब भरू."