त्या क्लासला हात लावू नका

वॉशिंग मशीन टुणटुणलं आणि दुपारची शांतता मोडली. पण कपडे काढायला ती उठली नाही. समोर लॅपटॉप उघडून बसलेल्या नणंदेची बोटं कीबोर्डवर भराभर पळत होती, आणि ती बघताना हिचा जीव नुसता जळत होता. प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली वस्तू, हे त्या बयेला हिनेच याच टेबलाशी बसून शिकवलं होतं. आता ती हिच्याच जुन्या ऑफिसात, हिच्याच खुर्चीवर!

"वहिनी, हा क्लास बघ ना," नणंद म्हणाली. "आमचे बाकीचे सगळे क्लास याच्यापासूनच काढलेत. सात वर्षांत कुणी बोट लावलं नाही. साहेब म्हणतात, चालतंय ना, मग त्याच्या वाटेला जाऊ नका."

हिने स्क्रीन वर सरकवली. फाइलीच्या माथ्यावर, त्या ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे, लिहिणाऱ्याचं नाव आणि शेवटच्या बदलाची तारीख होती.

नाव हिचंच होतं.

"बघितलंस? अजून माझ्याच जिवावर चाललंय तुमचं!" ही म्हणाली. नणंदेचं तोंड एवढंसं झालं. कितीतरी दिवसांनी हिला गार वाटलं.

तेवढ्यात सात वर्षांची लेक दोघींच्या मधे घुसली आणि बोट ठेवून वाचू लागली.



"आई, ही तर मी झाले त्याच्या आदल्या दिवसाची तारीख! मग दुसऱ्या दिवसापासून तू लिहायचं का थांबवलंस?"