घ्या, थंड होईल

साबीरने कॉफीचा पेला ओठाला न लावता समोर गालिच्यावर ठेवला.

“उद्या साक्ष देऊ नका, इद्रीस,” तो म्हणाला. “माझा भाऊ आता ऐंशीच्या पुढे गेलाय. त्याला तुरुंगात मरू देऊ नका.”

त्याचा भाऊ म्हणजे नव्वदच्या युद्धात इद्रीसचं जहरा शहर ताब्यात घेणारा शत्रूचा जनरल. युरोपातल्या एका कोर्टात त्याच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा खटला चालू होता. त्याचा हुकूम स्वतःच्या कानांनी ऐकलेला एकटा इद्रीस हयात होता, आणि उद्या तो घरातल्या या बैठकीच्या खोलीतूनच व्हिडिओवर साक्ष देणार होता. कॅमेरा जोडायला त्याच्या शोरूमचा अकाउंटंट प्रसन्न आला होता. नोकर रजेवर, म्हणून कॉफीही तोच ओतत होता.

प्रसन्न पडला नाशिकचा. पाहुण्यापुढे भरला पेला नुसता पडून राहिलेला आपल्या माणसाला कुठे बघवतो?

“घ्या ना काका,” तो मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला. “घ्या, थंड होईल.”

साबीरने झटकन पेला उचलला. इद्रीसचा चेहरा उतरला.

तिथली रीत अशी, की मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही. घरातून ‘घ्या’ आलं, की मागणं मंजूर. ओतणाऱ्याचा शब्द तो घराचाच शब्द. प्रसन्नला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण आपण भलतंच काही करून बसलो एवढं कळलं.

“याला रीत माहीत नाही,” इद्रीस म्हणाला. “पण शब्द दिला गेला. मी तो मोडणार नाही. फक्त पिण्याआधी ऐका. त्या दिवशी तुमचा भाऊ इथेच, माझ्या वडिलांच्या जागेवर बसला होता. वडिलांनी स्वतःच्या घरात त्याच्यापुढे असाच पेला ठेवला आणि माझ्या धाकट्या भावाचा जीव मागितला. तो म्हणाला, ‘घ्या.’ वडील कॉफी पीत होते, तेव्हा त्याने दाराकडे तोंड करून सांगितलं, ‘घाला गोळी.’”

थोडी कॉफी साबीरच्या बोटांवर सांडली. त्याने पेला होता तिथे परत ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

प्रसन्न सवयीने पेला उचलायला वाकला.

“राहू दे,” साबीर म्हणाला. “होऊ दे थंड.”