रंगांना नावं ठेवणारे सर

"मुलं नकोत, सर," निर्माती पुन्हा म्हणाली. "आवाजाचा फार गोंधळ होतो. तुम्ही, टेबल आणि कॅमेरा. बस्स."

सर टेबलावरच्या काचेच्या बरण्या पुसत होते. "मुलं नसतील तर तो वर्ग कसला, मॅडम?"

"वर्ग नाहीच हा. व्हिडिओ आहे."

ज्या शाळांत प्रयोगशाळा नाही, तिथल्या मुलांसाठी रसायनशास्त्राचे बारा धडे तयार करायचे होते. सरांचं नाव निर्मातीनेच सुचवलं होतं, तेही त्यांच्या वर्गात बसून आल्यावर. त्या वर्गात सर उत्तर कधी सांगतच नसत. बरणीत थेंब टाकायचे आणि मुलांकडे वळायचे. "बोला, काय झालं?" मग कुणी ओरडायचं, "पेरू!" कुणी "कच्चा पेरू!" तर कुणी "माझ्या मावशीची छत्री!" सर हसून म्हणायचे, "आमच्या वर्गात रंगांना नावं ठेवायची सगळ्यांना मुभा आहे." ही रीत तिला इतकी आवडली, की समितीपुढे ती त्यांच्यासाठी अडूनच बसली होती.

आता मात्र सगळं मुसळ केरात जायची वेळ आली होती. काल नुसतं प्रास्ताविक होतं, हिरव्या पडद्यापुढे, म्हणजे चित्रातून हिरवं ते सगळं पुसलं जातं. हिरवं सोडून काहीही घाला, असं फोनवर बजावूनही सर हिरवागार शर्ट घालून हजर. मॉनिटरवर नुसतं डोकं आणि दोन हात तरंगताना बघून सगळे पोट धरून हसले. सरही हसले. "बायको माहेरी गेलीय हो," ते म्हणाले. आणि आज हा मुलांचा हट्ट. समितीने उद्याचा एकच दिवस दिला होता. उद्या जमलं नाही, तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

"तुम्हाला हे करायचंच नाहीये का, सर?"

"असं कसं म्हणता?" सर म्हणाले. "या वर्षी निवृत्त होतोय मी. आयुष्यभर एकाच खोलीत शिकवलं. ते एकदा तरी त्या खोलीबाहेर जावं, असं फार वाटतं हो."

"मग अडतंय कुठे?"

सरांनी बरणीचं झाकण घट्ट केलं. "निदान एक विद्यार्थी द्या."

एवढं तिने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी तो एक विद्यार्थी म्हणून सरांची बायकोच आली. माहेरचा मुक्काम आटोपता घेऊन आली होती. "दहावीला या विषयात काठावर पास झाले होते मी," कॅमेऱ्यामागे खुर्ची ओढून घेत ती म्हणाली. "आता यांच्या कृपेने पहिला नंबर काढते."

निर्मातीला हसू आवरेना. या वयातही सरांचं काकूंवाचून पान हलत नाही, हे बघून तिला बरं वाटलं.

टेबलामागे आज पांढरा पडदा होता. काम झकास सुरू झालं. जांभळ्या कोबीचं पाणी, त्यात कधी लिंबाचा रस, कधी खायचा सोडा. सर थेंब टाकायचे, विचारायचे आणि काकू मागून ठणकावून उत्तर द्यायच्या.

"अहो, हा तर चक्क डाळिंबाचा दाणा!"

"आणि आता?"

"आता निळसर झाला. गुडघ्याला मुका मार लागल्यावर होतो तसा."

आवाज टिपणारा माणूस गालातल्या गालात हसत होता.

शेवटचा प्रयोग सगळ्यांत नाजूक होता. लिंबाने लाल झालेल्या पाण्यात चुन्याची निवळी थेंबाथेंबाने टाकायची आणि पाणी हिरवं झालं की तिथेच हात थांबवायचा. सरांनी पहिले काही थेंब टाकले आणि नेमकी तेव्हाच काकूंना खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाशी धरून त्या धडपडत बाहेर गेल्या.

सर थबकले. त्यांनी दाराकडे पाहिलं. निर्मातीने हातानेच खुणावलं, थांबू नका, कॅमेरा चालू आहे.

सरांनी आणखी एक थेंब टाकला. मग आणखी एक. मग नळी खाली ठेवून त्यांनी बरणी कॅमेऱ्यासमोर उंच धरली.

"बोला," ते म्हणाले. "काय झालं?"

आणि गप्प राहिले. निर्मातीच्या अंगावर काटा आला. कुठल्या तरी दूरच्या शाळेत, मोडक्या बाकांवर बसलेली मुलं याच क्षणी ओरडणार होती, आणि सरांनी त्यांच्यासाठी जागा मोकळी सोडली होती.

बऱ्याच वेळाने सर हसले. "शाबास!" म्हणाले.

"कट!" निर्माती धावतच पुढे आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "सर, ते थांबणं! काय सुचलं हो तुम्हाला! बाराच्या बारा धडे असेच करायचे. समितीला आत्ताच कळवते, काम तुमचंच."

सरांच्या कपाळावर घाम होता. बरणी अजून हातातच होती. काकू परतल्या नव्हत्या. आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं बघून सर तिच्या कानाशी वाकले.

"मॅडम, तेवढं एक सांगा," ते हळूच म्हणाले. "झालंय का हो हिरवं, की अजून लालच आहे?"