एका पानाची चिकटवही

"फोटो किती आहेत, वहिनी?" नणंदेने लॅपटॉप उघडता उघडता विचारलं.

"पाच."

नणंद जरा थबकली. मग खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "चालतील की. पाचातही छान होते चिकटवही."

नणंदेचा या कामात हातखंडा होता. सहलींचे, लग्नांचे, मैत्रिणींच्या पोरांचे फोटो कॉम्प्युटरवर कापायचे, चौकटीत बसवायचे, खाली दोन ओळी लिहायच्या. पानंच्या पानं सजवून ठेवली होती तिने. तिच्या मांजराचीसुद्धा चाळीस पानांची चिकटवही होती. सकाळी भावाने तिला फोन केला होता. "तिला कशात तरी गुंतव गं," असं तो हळू आवाजात म्हणाला, ते त्याच्या बायकोने पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. आता तो स्वयंपाकघरात धुतलेलेच कप पुन्हा धूत उभा होता.

वहिनी टेबलाशी बसली होती. बसवलं म्हणून बसली होती. बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही. गोळ्या घेऊन दूध आटवलं, आणि त्याच्यामागोमाग रडूही आटलं. लोक येत, पाठीवर हात ठेवत. तो हात दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीवर असल्यासारखा तिला वाटे.

"आधी सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते ठरवू," नणंद म्हणाली. "तीन आणलीत मी. हे सगळ्यात सोपं. ह्यात पानं तयार मिळतात, आपण नुसते फोटो टाकायचे."

पडद्यावर फिकट निळं पान उघडलं. रिकाम्या चौकटी, प्रत्येकीखाली सुबक अक्षरं. पहिला दात. पहिलं पाऊल. पहिला वाढदिवस.

नणंदेने ते इतक्या घाईने बंद केलं की माऊस टेबलावरून खाली लोंबकळला.

"हे नको. ह्यातले रंग फार भडक आहेत."

"हो," ती म्हणाली.

"दुसरं बघ. शिकायला जरा अवघड आहे, पण ह्यात वाट्टेल ते करता येतं." नणंदेने पहिला फोटो उघडला. काचेच्या पेटीत झोपलेलं बाळ. मुठी आवळलेल्या. नाकातून निघालेली नळी गालावरून कानामागे गेलेली. पाचही फोटोंत ती नळी होती.

"आता गंमत बघ हं." नणंद पडद्यावर वाकली. तिने एक छोटा गोल घेतला आणि नळीवरून फिरवायला लागली, एखाद्या पोराचं तोंड पुसावं तसा, हलक्या हाताने. गोल जिथून जाई तिथे नळी नाहीशी होई आणि खाली कातडी येई, अगदी खरीखुरी. नळी गेली. तिला मधे धरून ठेवणारी पट्टीही तिच्याबरोबर गेली. नणंदेने खुर्ची मागे सारली.

"बघ ना, वहिनी. घरी झोपल्यासारखा दिसतोय."

ती बघत राहिली. चेहरा मोकळा होता, स्वच्छ होता, शांत होता.

"असा मी त्याला एकदाच बघितलाय," ती म्हणाली.

"कधी?"

"सगळं संपल्यावर. नळी काढून त्यांनी माझ्या हातात दिला तेव्हा."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. नणंदेने तोंडावर हात धरला.

"पहिल्यासारखं कर," ती म्हणाली. रागाने नाही. दिवा लाव म्हणावं तशी.

नणंदेने पुसलेलं एक-एक करत मागे घ्यायला सुरुवात केली. नळी तुकड्यातुकड्याने परत आली. आधी कानामागे, मग गालावर, मग नाकाशी. मधे गालावरची पांढरी पट्टी आली. नणंद डोळे पुसत पडद्याजवळ गेली.

"वहिनी... ही पट्टी अशी का कापलीय? हे बदक आहे?"

"हो." ती थोडी पुढे झुकली. "तिथली एक नर्स कापायची. पट्टी सारखी बदलायला लागायची ना. दर वेळी काहीतरी नवीन. कधी चांदणी, कधी मासा. बदक तिला नीट जमलं नाही. म्हणाली, चोच जरा मोठीच झाली. मी म्हटलं, राहू दे, बापावर गेलंय."

दवाखान्यातून आल्यापासून ती एका दमात इतकं पहिल्यांदाच बोलली होती. नवरा दारात येऊन उभा होता. त्याचा ओला हात आपसूक नाकाकडे गेला. कोणी हसलं नाही, पण कोणी मानही फिरवली नाही.

"तिसरं उघडू का?" नणंदेने विचारलं. "कॉम्प्युटरबरोबर फुकट येतं, तेच आहे. त्यात फार काही करता येत नाही. फोटो लहान-मोठा करायचा, खाली चार शब्द लिहायचे, बस."

"पुसता येतं?"

"नाही."

"मग तेच."

नणंदेने कोरं पान उघडलं. फोटो पानाच्या मधोमध आणून ठेवला आणि त्याचा कोपरा धरून ती ओढत गेली.

"किती मोठा करू?"

"पानभर," ती म्हणाली. "चोच दिसली पाहिजे."