हवेचा कॉक

“हवा बंद आहे ना?” तिने पुन्हा विचारलं.

“अगं, मला व्हॉल्व्हला हात तरी लावू दे,” नवरा हसला. दुधाच्या कारखान्यात तो फिटर होता, ती पाइप धुण्याच्या कामावर. दोघांची पाळी एकच.

तिच्या भीतीचं कारण घरातच होतं. सासरेही इथलेच फिटर. जुन्या व्हॉल्व्हमध्ये त्यांचा हात असताना कुणीतरी हवेचा कॉक उघडला, व्हॉल्व्ह मिटला आणि त्यांची दोन बोटं गेली. रोज सकाळी ते शर्टाच्या बटणांशी झगडत. सुनेने हात पुढे केला की म्हणत, “राहू दे पोरी, मला कुठे घाई आहे!” ती हसायची, पण नजर त्या हातावरून हटायची नाही.

म्हणून तिने नवऱ्याला शपथच घातली होती. हात आत असेल तर हवा बंद, आणि कुणी उघडू नये म्हणून कॉकला कुलूप.

“हा नवा व्हॉल्व्ह बाबांच्या वेळचा नाही,” तो पाना शोधत म्हणाला. “रुसलेल्या बायकोसारखा आहे. आपणहून तोंड मिटून बसतो. हवा भरली की मगच उघडतो.”

“पुरे झाले विनोद. रबर बदल आणि ये.”

“व्हॉल्व्ह बाहेर काढून, टेबलावर ठेवून बदलीन. मग तर झालं?”

ती कामाला गेली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. फाटकाशी दुधाचा टँकर खोळंबला होता आणि साहेब येरझारा घालत होते. घाईत हा सगळं विसरणार, असं तिला वाटलं. ती परत फिरली.

भीती खरी ठरली. व्हॉल्व्ह जागेवरच होता. दातांत टॉर्च धरून, पाइपमधून हात घालून तो आतलं फाटकं रबर बोटांनी ओढत होता. आणि शेजारच्या निळ्या नळीत हवा होती! दाबाचा काटा चढलेला, भिंतीवरचा कॉक उघडा, त्यावर कुलूप नाही.

हाक मारावी तर तो दचकेल, भलतंच काही होईल. सासऱ्यांचा हात डोळ्यांपुढे आला. पाय न वाजवता ती भिंतीशी गेली आणि कॉक गच्च बंद केला.

कॉक बंद होताच नळीतली हवा फुस्सकन निघून गेली, आणि रुसलेल्या बायकोने त्याच्या बोटांवर आपणहून तोंड मिटलं.